पेन्सिलीने लिहिलेले रन

माझ्याकडे चौदा कार्डं आहेत. प्रत्येक सहा सेंटिमीटर रुंद आणि नऊ सेंटिमीटर लांब. कागद लग्नपत्रिकांचा, जाड. पुढच्या बाजूला वर्तमानपत्रातून कापलेला फोटो, आणि फोटो मिळाला नसेल तिथे स्केचपेनने काढलेली टोपी. मागच्या बाजूला नाव, जागा, मॅच, रन, कॅच. तेरा कार्डांवरचे आकडे निळ्या शाईत आहेत. चौदाव्यावर शाईने बहुतेक शून्यं लिहिली आहेत आणि त्या शून्यांच्या शेजारी पेन्सिलीने दुसरे आकडे. ते कार्ड दिवाकर रंगारी यांचं. जागा: कॅचर.

खेळ बेसबॉलचा. रायपुरात बेसबॉल म्हटलं की बाहेरची माणसं पुन्हा विचारतात, म्हणून स्पष्ट लिहिते. आमच्या रेल्वे कॉलनीमागच्या मैदानात क्रिकेटच्या दोन खेळपट्ट्या होत्या आणि त्या कायम अडवलेल्या असत. उरलेल्या कोपऱ्यात एका पी.टी. मास्तरांनी, कुठलंसं शिबिर करून आल्यावर, बेसबॉल सुरू केला. एक बॅट, पाच ग्लोव्ह आणि कॅचरच्या तोंडावर चढवायची एक जाळी. क्रिकेटमध्ये राज्याच्या संघात जाणं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. बेसबॉलमध्ये ते शक्य होतं, कारण खेळणारेच कमी. राज्याकडून खेळलं की क्रीडा कोट्यातून नोकरीचा अर्ज करता यायचा. भंडारा, गोंदियाकडून येऊन कॉलनीत राहिलेल्या आमच्या घरांना हे चांगलं समजत होतं. संघातले अर्धे खेळाडू आमच्यातले, अर्धे छत्तीसगढी. सगळे विशीतले, सगळे बेकार किंवा रोजंदारीवर.

त्या वर्षांत एका च्युइंगगमबरोबर क्रिकेटपटूंची कार्डं मिळायची. मागे रन आणि विकेट छापलेल्या. मुलं समोरासमोर बसून एकेक कार्ड टाकायची, ज्याचे रन जास्त त्याने दुसऱ्याचं कार्ड घ्यायचं. माझ्याकडे गम घ्यायला रोज पैसे नसत. मी दहा वर्षांची होते. मी कॉलनीच्या संघाची कार्डं बनवली. माप क्रिकेटच्या कार्डांचंच ठेवलं, म्हणजे दोन्ही एकत्र पिसता येतील. आकडे मी मनाने लिहीत नव्हते. वडील वाचनालयातून जुने हिंदी पेपर आणायचे, त्यात शहराच्या पानावर खाली चार ओळींची बातमी असायची. त्यातले आकडे मी कार्डावर उतरवायची.

दिवाकर भैयांचं कार्ड सगळ्या कार्डांशी हरायचं.

हे मला पटत नव्हतं, कारण मी दर रविवारी मैदानाच्या भिंतीवर बसलेली असायची. संघात सगळ्यात लांब चेंडू तेच मारायचे. त्यांच्या हातून चेंडू सुटला असं मी क्वचितच पाहिलं. शेवटी मी कार्ड घेऊन त्यांच्या घरी गेले. ते ओसरीत उकिडवे बसून जाळीचा पट्टा शिवत होते. मी विचारलं, भैया, तुमचे रन काहून नाहीत? त्यांनी हात पुसले, कार्ड घेतलं, मागची बाजू वाचली. ‘कॅचर’मधली चूक दाखवली. मग म्हणाले, “पेपरात आले होते का?”

मी नाही म्हटलं.

“मग बरोबर आहे.”

“पण मी पाह्यले ना. इतवारी तुम्ही दोन रन काढले.”

“पाह्यले तर पाह्यले. तुले कोणी नाही म्हटलं?” त्यांनी सुईदोरा खाली ठेवला. “असं कर. छापलेलं शाईनं लिही. पाह्यलेलं पेन्सिलीनं. दोघांची घालमेल नको करू.”

पुढे मी एका हिंदी दैनिकात उपसंपादक झाले आणि गेली बावीस वर्षं तिथेच आहे. बातमीबद्दल मला याहून स्पष्ट सूचना कोणी दिली नाही.

ते बुटके होते, खांदे रुंद. उजव्या हाताची तर्जनी चेंडू लागून वाकडी झाली होती, म्हणून नमस्कार दोन हातांनी करायचे आणि कोणी हात पुढे केला तर डावा द्यायचे. खुर्चीवर बसलेलं मी त्यांना फार कमी पाहिलं. कॅचर सगळा सामना उकिडवा बसतो. त्यांचं शरीर तसंच घडलं होतं. बारशाला, लग्नाला, बैठकीला गेले की भिंतीकडेला उकिडवे. यजमान खुर्ची पुढे सरकवायचे, ते म्हणायचे, “इथं बरं आहे, इथून सगळं दिसते.”

कॅचर पिचरला बोटांनी खुणा करतो, कोणता चेंडू टाकायचा ते सांगतो. ही सवय त्यांच्या घरात शिरली होती. त्यांच्या बायकोला, कुंदावहिनींना, सगळ्या खुणा पाठ होत्या. एक बोट म्हणजे चहा टाक. दोन म्हणजे पाहुणा जेवून जाणार आहे. मूठ मिटली म्हणजे हा माणूस उधार मागायला आलाय, तू बाहेर येऊ नको. माझ्या आईला हे माहीत झाल्यावर ती त्यांच्या घरी गेली की आधी त्यांच्या हाताकडे पाहायची. एकदा तिने विचारलंच, “भाऊजी, माह्यासाठी किती बोटं?” त्यांनी दोन दाखवली आणि आई खरोखर जेवूनच आली.

नोकरी त्यांची शहराबाहेर उरला या कारखान्यांच्या वस्तीत, एका रोलिंग मिलच्या वजनकाट्यावर. ट्रक यायचा, काट्यावर चढायचा, ते भरलेल्या गाडीचं वजन लिहायचे. माल उतरला की रिकाम्या गाडीचं लिहायचे. सकाळची पाळी असली तर तीनपर्यंत घरी. भुवयांवर लोखंडाची तांबूस धूळ. अक्षर फार चांगलं होतं. मिलमध्ये त्यांना ठेवून घेतलं ते अक्षरामुळेच, असं त्यांचेच मित्र म्हणायचे. अक्षरामुळेच दुसरंही एक काम त्यांच्याकडे आलं. सामना पाहायला पेपरवाले येत नसत. त्यामुळे बातमी संघानेच लिहून द्यायची, आणि ती दिवाकर भैया लिहायचे.

रविवारी सामना संपला की सगळे कॉलनीतल्या बुद्धविहाराच्या ओट्यावर यायचे. भैया कार्बन घालून तीन प्रती करायचे आणि सायकलने तीन कार्यालयांत नेऊन द्यायचे. मी ओट्याच्या कडेला बसून ऐकायची, म्हणून तिथे काय चालायचं ते मला माहीत आहे.

ते आधी स्कोर लिहायचे. त्यात बदल होत नसे. मग कागदावरून डोकं न काढता विचारायचे, “नंबर कोणाचा आहे?”

नंबर म्हणजे ज्याचा अर्ज कुठेतरी गेलाय, ज्याची मुलाखत किंवा चाचणी जवळ आली आहे. अर्जाला कात्रणं जोडावी लागत. कात्रणात नाव असेल, नावापुढे रन असतील, तर फाईल वर सरकते असं सगळे मानत. म्हणून सामन्यात रन कोणीही काढलेले असोत, बातमीत ते ज्याचा नंबर असेल त्याच्या नावावर जायचे.

अनिल साहू हा तिसऱ्या बेसवर उभा राहणारा उंच मुलगा. तो म्हणायचा, “भैया, मेरा फॉर्म चला गया. अब रन भेजो.”

भीमराव नावाचा एक जाडा खेळाडू होता. त्याचाही अर्ज गेला होता. त्याने रन मागितले तेव्हा साहू म्हणाला की याच्या नावावर रन लिहिले तर पेपर वाचून याचा बापच हसेल. भैयांनी भीमरावकडे पाहिलं. “याले कॅच देतो. दोन. कॅचले पळा लागत नाही.” भीमराव खूश झाला. त्याला पुढच्या वर्षी नोकरी लागली.

एकदा नवीन आलेल्या एकाने म्हटलं, दहाऐवजी पंधरा रननी जिंकलो असं लिहू, पाहायला कोण आलंय. भैयांनी पेन बंद केलं. “स्कोर खराच राहीन. तो सगळ्यांचा आहे. कोणी किती केले ते घरातलं आहे, घरातलं आपण वाटून घेऊ.” मग पेन उघडून पुढे लिहायला लागले.

प्रत्येक बातमीची शेवटची ओळ ठरलेली असायची. टीम में दिवाकर रंगारी भी शामिल थे. संपादकांना जागा कमी पडली की पहिल्यांदा हीच ओळ उडायची. मी त्यांना विचारलं की तुम्ही स्वतःला कधी रन का देत नाही. ते म्हणाले, लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव वर टाकलं तर पेपरवाले कागद उचलून फेकतात, मग सगळ्यांचंच जाईल. शिवाय त्यांचा अर्ज अजून गेलेला नव्हता. पुढच्या वर्षी जाणार होता.

पुढच्या वर्षी दोघांचे नंबर होते, त्याच्या पुढच्या वर्षी चौघांचे. मग भैयांचं वय उलटलं. कॉलनीत त्याची बातमी झाली नाही. कुंदावहिनींनी माझ्या आईला सांगितलं, आईने वडिलांना, वडिलांनी हातातला पेपर घडी करून ठेवला. मी कार्डावर काहीच लिहिलं नाही, कारण त्यासाठी रकाना नव्हता.

त्याआधीची एक गोष्ट. भैया एकदाच राष्ट्रीय स्पर्धेला गेले. तेव्हा रायपूर मध्य प्रदेशातच होतं. आमच्या संघातून त्यांची आणि साहूची निवड झाली होती. स्पर्धा दूरच्या एका शहरात होती आणि संघ पदकापर्यंत पोचला नाही. पण एक सामना शेवटच्या डावात बरोबरीवर आला होता, तो आपल्याकडच्यांनी होम रन मारून जिंकला. रायपूरच्या पेपरात बातमी आली: अनिल साहू के शानदार होम रन से मध्यप्रदेश विजयी. बातमी भैयांनीच पोस्टाने पाठवलेली होती. साहूची चाचणी पुढच्या महिन्यात होती. मी साहूच्या कार्डावर शाईने एक होम रन लिहिला.

ते परत आले त्या दिवशी मी त्यांच्या घरी होते. वहिनी त्यांची पिशवी उपसत होत्या. त्यांनी आपले खेळायचे बूट तिकडच्या एका पेपरात गुंडाळून आणले होते. वहिनींनी तो कागद फाडायच्या आत मला त्यात बॅट दिसली. मी तो सपाट केला. चार रकान्यांत फोटो होता. बॅट पूर्ण फिरलेली, वजन पुढच्या पायावर, मागे प्रेक्षक उभे राहिलेले. हेल्मेटची सावली चेहऱ्यावर. खाली एक ओळ: अखेरच्या डावात विजयी होम रन मारताना मध्य प्रदेशचा डी. रंगारी. तिथल्या छायाचित्रकाराने स्वतः पाहून, नाव विचारून घेतलेली ओळ होती ती. भैयांनी वाचली. “याले कोणी सांगतलं नाव,” एवढंच म्हणाले. मी फोटो मागितला. ते म्हणाले, ने.

फोटो मोठा होता. मी घरी आईची कात्री घेतली, पट्टीने आखलं आणि सहा बाय नऊच्या आत बसेल असा कापला. प्रेक्षक गेले, पेपरचं नाव आणि तारीख असलेला वरचा भाग गेला, खालची ओळ गेली. उरला तो भाग भाताच्या खळीने चिकटवला. मागे पेन्सिलीने लिहिलं: एक होम रन. शाईने लिहिता आलं असतं, ते छापलेलंच होतं. पण आपल्या पेपरात तोच रन साहूच्या नावावर होता आणि एका रनाचे दोन मालक कसे लिहायचे ते मला ठरवता आलं नाही.

साहू एका सरकारी कारखान्यात लागला. हळूहळू संघ संपला, कारण एकेकाचा नंबर लागत गेला. भैया मैदानावर राहिले. त्यांनी मुलींचा संघ सुरू केला. काट्यावरची पाळी करून चार वाजता मैदानावर, अठरा वर्षं, कोणाकडून काही न घेता. मुली त्यांना रंगारी सर म्हणायच्या. ते मराठी मुलींशी मराठीत बोलायचे, मुली हिंदीत उत्तर द्यायच्या, आणि यात काही वेगळं आहे असं दोघांपैकी कोणाला वाटत नसे. “पोट्टे, चेंडू पाहून राहिली की आभाळ?” “सर, धूप आँख में जा रही है.” “मंग टोपी काहून आणली, डोक्यावरच्या केसाले दाखवाले?”

बातम्याही तेच लिहायचे. आता त्या माझ्या टेबलावर यायच्या. आमच्या खेळाच्या पानावरचे ज्येष्ठ सहकारी मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते की रंगारींची विज्ञप्ति, म्हणजे प्रसिद्धिपत्रक, आली तर हात लावायचा नाही, शुद्ध असते. मी लावला नाही. आकडे कसे वाटले जातात ते मला माहीत होतं. मी ते कधी तपासले नाहीत आणि कोणाला सांगितलंही नाही. त्या मुलींपैकी काहींना नोकऱ्या लागल्या.

गेल्या वर्षी शासनाने मैदानांवर नेमायच्या प्रशिक्षकांची जाहिरात काढली. आमच्या कॉलनीमागच्या मैदानाची एक जागा होती. वयाची अट त्या एका वेळेपुरती सोडली होती. नेमणूक झाली की मैदान त्या प्रशिक्षकाच्या ताब्यात, बाकी कोणी तिथे शिकवायचं नाही, असा त्यात नियम होता. अर्जाबरोबर राष्ट्रीय स्पर्धेतलं पदक किंवा वैयक्तिक कामगिरीचा छापील पुरावा हवा होता. भाग घेतल्याचं प्रमाणपत्र पुरेसं नव्हतं.

भैया दुपारी कार्यालयात आले. पन्नाशी ओलांडलेली, केस पांढरे, शर्ट इस्त्रीचा. जाहिरातीचा कागद चार घड्या करून खिशात. “मीना, जुने पेपर पाह्याचे आहेत,” म्हणाले. “ही जागा नाही भेटली तर मैदानात जाता येत नाही.”

जुने अंक आमच्याकडे बांधून ठेवलेले आहेत, तळमजल्यावर. आम्ही तीन दुपारी ते पाहिले. मी टेबलावर, ते मांडणीला पाठ लावून जमिनीवर. त्यांचं नाव असलेल्या तेवीस बातम्या सापडल्या. तेवीसही ठिकाणी ते शेवटच्या ओळीत शामिल होते. तिसऱ्या दिवशी राष्ट्रीय स्पर्धेची बातमी निघाली. त्यांनी ती दोनदा वाचली. “चांगली लिहिली आहे,” म्हणाले. कोणी लिहिली ते आम्हा दोघांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी कार्ड घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून फोटो जवळून पाहिला, मग कार्ड उलटलं, मग पुन्हा सुलटं केलं.

“खालची ओळ कुठं आहे?”

मी सांगितलं की कापली. कार्डात बसत नव्हती.

ते थोडा वेळ कार्डाची कड अंगठ्याने चाचपत राहिले. “हव,” म्हणाले. “कार्ड तर बरोबर मापाचं आहे.”

मी त्या शहरात फोन केले. तो पेपर कधीच बंद झाला होता. त्याचे जुने अंक तिथल्या वाचनालयात नव्हते आणि कुठे असतील ते कोणाला सांगता आलं नाही. मी आमच्या संपादकांना विचारलं की दैनिकाच्या वतीने आपण एक पत्र देऊ शकतो का, की तो होम रन रंगारींचा होता. त्यांनी आधार काय ते विचारलं. आपला छापील अंक तर साहूचं नाव सांगतो. मी म्हटलं, माझ्याकडे एक कार्ड आहे. त्यांनी नकार दिला. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

एकच मार्ग उरला होता. साहूने लिहून द्यायचं की तो रन त्याचा नव्हता. तो रायपुरातच होता. मी भैयांना म्हटलं, तुम्ही बोला, नाहीतर मी बोलते.

आम्ही कार्यालयाबाहेरच्या चहाच्या टपरीवर उभे होतो. भैयांनी कप संपवला, मग बोलले. “त्याचे रिटायरले दोन वर्षं राह्यले. त्याच्या फाईलीत तेच कात्रण आहे. त्यानं आज लिहून देल्लं का रन माहा नव्हता, तर उद्या त्याले कोणी विचारीन, मंग तू लागला कसा?”

“त्याला नोकरी तुमच्यामुळे लागली. तो नाही म्हणणार नाही.”

“म्हणूनच नाही विचारत.”

मी म्हटलं की मैदान जाईल.

“तो रन मी देल्ला होता, मीना. कोणी मांगून नव्हता नेला. आता काम पडलं म्हणून वापस मांगू? अन् बाकीच्याईचं काय? एक धागा ओढला का सगळं उसवते. भीमराव आहे, पोट्ट्या आहेत.” त्यांनी रिकामा कप टपरीच्या फळीवर ठेवला. “तू बी आहे त्यात. तूनं छापलं.”

हे त्यांनी आरोप म्हणून सांगितलं नाही. यादी पूर्ण केली, इतकंच.

कागदपत्रांची तपासणी नव्या रायपुरात, शहराबाहेरच्या नव्या राजधानीत, होती. छापील बातमीच्या प्रतीवर दैनिकाच्या माणसाने समक्ष सही करायची होती, म्हणून मीही गेले. कार्ड माझ्या पिशवीत होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत तीन टेबलं होती आणि बाहेर बारा उमेदवार. बहुतेक तिशीतले. त्यांच्यातल्या एका मुलीने भैयांना पाहून वाकून नमस्कार केला. ती त्यांच्याकडेच खेळलेली होती. त्यांनी तिला विचारलं की कात्रणं नीट लावली का, वरची तारीख दिसते का. ती म्हणाली, “हाँ सर, सब लगा दिया.” त्यांनी तिची फाईल घेऊन तपासली आणि एक कात्रण पुढे घ्यायला सांगितलं.

टेबलामागच्या अधिकारी बाई तरुण होत्या, बोलायला सभ्य. त्यांनी भैयांची फाईल पानोपानी पाहिली. बातमीच्या प्रतीवर बोट ठेवलं. “सर, इसमें होम रन तो अनिल साहू का है.”

“जी, मैडम.”

“आपका प्रदर्शन कहाँ है?”

“टीम में था. आखिरी लाइन में है.”

“टीम में तो सब थे.” त्यांनी पान उलटलं. “और कुछ है?”

मी पिशवीतून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. भैयांनी मला अडवलं नाही. बाईंनी फोटो पाहिला, मागचे आकडे वाचले, पेन्सिलीने कोणी लिहिलं ते विचारलं. मी सांगितलं, मी, तेव्हा दहा वर्षांची होते. त्यांनी कार्ड दोन बोटांनी उचलून माझ्याकडे दिलं. “इसमें न छपा हुआ नाम है, न तारीख. मैं समझ रही हूँ, मैडम, पर इसे मैं लगा नहीं सकती.”

मग त्यांनी भैयांना पुन्हा विचारलं की त्या सामन्यात त्यांनी काय केलं. खोलीत बाकीची टेबलं आपापलं काम करत होती. भैयांना तेव्हा सांगता आलं असतं.

“मैडम, खबर मैंने लिखी थी.”

बाईंना ते नीट कळलं नाही, किंवा कळलं. “खबर लिखने का नंबर नहीं मिलता, सर,” असं त्या हळू म्हणाल्या आणि अर्जावर ‘अपात्र’ लिहिलं. शेजारची नोंदवही त्यांच्याकडे सरकवली. त्यात दावा-आपत्तीचा रकाना होता. निर्णयाला हरकत असेल तर उमेदवाराने तिथे लिहायची, पंधरा दिवसांत ती ऐकली जायची. मी भैयांच्या कानाशी सांगितलं, लिहा, रन तुमचा होता एवढंच लिहा, पुढचं पुढे पाहू. त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, मला समजलं नाही. त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण मागे लावलं, आणि आपल्या नावासमोरच्या रकान्यात मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: निरंक. म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. खाली सही केली, तारीख घातली, शाई वाळेपर्यंत वही उघडी धरली.

बाहेर त्या मुलीचा नंबर पुकारला गेला.

आम्ही खाली आलो. मैदानाचा ताबा एक तारखेपासून जाणार होता, तोवर नऊ दिवस होते. मला सचिवालयात एक बातमी होती. रायपूरची बस पाऊण तासाने होती. मी त्यांना म्हटलं की थांबा, काम उरकून तुम्हाला गाडीने सोडते. ते म्हणाले की मुली चारला येतील, बस रस्त्यात कुठेही हात दाखवला की थांबते, तोवर चालतो. फाईल त्यांनी उन्हासाठी डोक्यावर धरली. नव्या रायपुरातला रस्ता आठ गाड्या शेजारी जातील एवढा रुंद आहे आणि दुपारी त्यावर कोणी नसतं. ते डाव्या कडेने, फार घाई न करता, शहराच्या दिशेने निघाले. आमची गाडी वळेपर्यंत मी मागच्या काचेतून पाहत होते. बस आली नव्हती. ते चालत होते.